तीर्थरूपांची मोटार

आमच्या तीर्थरूपांनीं १९७६ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजहि आमच्या अंगणांत उभी असते. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यांतली, इंजिन १०८९ घन सेंटीमीटरचें. गेल्या वर्षीं आमच्या पुतण्याच्या मनानें घेतलें कीं, या इंजिनाची शक्ति वाढवावी. "काका, नुसती कॅमशाफ्ट बदलली कीं गाडी उडेल," असें तो म्हणाला, आणि आम्हींहि फारसें न विचारतां रुकार दिला.

त्यानें शर्यतीची कॅमशाफ्ट आणि मिळाल्या त्यांतील सर्वांत कडक दुहेरी स्प्रिंगा आणविल्या. आठ दिवसांत टक् टक् आवाज येऊं लागला. उघडून पाहतों तों दोन कॅमांचीं टोकें झिजलेलीं, टॅपेटांचे तळ खरबरीत आणि तेलांत लोखंडाचा चकचकीत कीस! वडिलांच्या वस्तूची ही दशा पाहून आमच्या बंधूंनीं मुलाशीं व आमच्याशींहि अबोला धरला.

इंजिनाचे मिनिटास ६००० फेरे होत असतां प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदास ५० वेळां उघडतो. तो वेळेवर मिटविणें हें स्प्रिंगचें काम. ती नरम पडली तर व्हॉल्व्ह तरंगतो, प्रसंगीं पिस्टनवर आदळतो. तेव्हां कडक स्प्रिंग बरी, हा पुतण्याचा तर्क अर्धा खरा होता. परंतु तोच दाब कॅम व टॅपेट यांमधील तेलाचा पातळ थर पिळून काढतो. शिवाय नवी कॅमशाफ्ट पहिलीं वीस मिनिटें सुमारें २००० फेऱ्यांवर फिरवावी लागते. आम्ही तर इंजिन मंद घुमत ठेवून चहा घेत बसलों होतों.

दुसऱ्या खेपेस क्रम उलटा केला. आमची गाडी ५००० फेऱ्यांच्या वर जाते केव्हां, हें आधीं पाहिलें. मग त्याजोगी सौम्य कॅमशाफ्ट, तिच्या जोडीस नवे टॅपेट, आणि स्प्रिंग शेवटीं, लागेल तेवढीच कडक. वजन कमी करावयाचें तें व्हॉल्व्ह व त्यावरील वाटीचें. पुशरॉड जरा जड असला तरी चालेल, वांकतां कामा नये. व्हॉल्व्ह व पिस्टन यांत अंतर किती उरतें हें पाहण्यास पुतण्यानें स्वयंपाकघरांतून कणकेचा गोळा नेला, पिस्टनवर थापला, इंजिन हातानें दोन फेरे फिरविलें व दबलेली कणीक मोजली. अडीच मिलिमीटर भरली. (गोळा स्वयंपाकघरानें परत घेतला नाहीं, हें सांगणें नलगे.)

गाडी आतां चांगली ओढते. आवाज मात्र बदलला. मातोश्रींची दृष्टि गेली आहे, पण ही गाडी वळणावर आली कीं त्या ओळखीत. परवां ती फाटकांत शिरली तेव्हां त्यांनीं ओटीवरून सुनेस विचारिलें, "अग, कोण पाहुणे आले?"

"आपलीच गाडी आहे, आई," बंधु आंतून म्हणाले.