तळवड्याची हळद

पुण्याहून देहूला निघालेला माणूस तळवड्याला सहसा उतरत नाही. निगडीहून सुटलेली बस त्रिवेणीनगर मागे टाकते, रुपीनगर मागे टाकते, तळवड्याच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत घटकाभर अडकते आणि पुढे जाते. यात्रेकरूचे मन तोवर देहूच्या घाटावर पोचलेले असते. मीही कितीदा असाच पुढे गेलो आहे. परंतु गेल्या वैशाखात आत्याच्या थोरल्या नातीची हळद निघाली, तेव्हा उतरणे भाग पडले.

लहानपणी पाहिलेले तळवडे म्हणजे इंद्रायणीच्या अलीकडचे ज्वारी-बाजरीचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आज चाकणच्या रस्त्याला लागावे तर दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड. कुठे प्रेस आपटते आहे, कुठे लेथवर लोखंड सोलून निघते आहे. जरा पुढे जावे तो काचेच्या इमारतींचा सॉफ्टवेअर पार्क. आत्याची धाकटी नात तिथेच कामाला जाते. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि मधोमध हे तीन पाळ्यांत जागणारे गाव!

मांडवात पोचलो तेव्हा आतोबा मंडपवाल्याशी पडद्याच्या रंगावरून हुज्जत घालीत होते. धाकटीच्या मैत्रिणी जमल्या होत्या. एक पंजाबची, एक ओडिशाची, दोघी विदर्भातल्या. त्यांनी स्पीकरवर एक गाणे लावले होते. बोल पंजाबी, त्यामुळे मला निम्मेही कळले नाहीत. पण आवाजात असा काही ठसका होता की आतोबासुद्धा पडद्याचा रंग विसरून क्षणभर थांबले.

"कोण गं ही बया?" ओसरीवरून आत्याने विचारले.

धाकटीने सांगितले ते असे. गाणारीचे नाव नेहा भसीन, मूळची दिल्लीची. २००२ साली चॅनेल व्हीने देशभरातून मुली निवडून पाचजणींचा एक गानसंच उभा केला, त्याचे नाव 'विवा'. त्यात ही होती. अनुष्का मनचंदा, प्रतिची महापात्रा, महुआ कामत आणि सीमा रामचंदानी या बाकीच्या चौघी. पहिल्या आल्बमनंतर एकजण बाहेर पडली, दुसरा आल्बम चौघींनी केला, आणि काही वर्षांतच संच मोडला. मग नेहाने एकटीने वाट धरली. 'फॅशन' या २००८ च्या चित्रपटात ती गायली. 'सुलतान'मधल्या गाण्याने २०१७ साली तिला फिल्मफेअर मिळवून दिले. आणि चित्रपटाची वाट न पाहता तिने पंजाबी लोकगीतेही नव्या साजात एकेक करून काढली. स्पीकरवर चालले होते ते त्यांतलेच, 'नै जाना'. म्हणजे, नाही जाणार.

मला 'सुप्रीम्स' आठवल्या. अमेरिकेतला तो तिघींचा संच सोडून १९७० साली डायना रॉस एकटी गाऊ लागली आणि जगभर गाजली. मी ते मोठ्या उत्साहाने सांगितले. आत्याला अमेरिकेचे काही कौतुक वाटले नाही. ती म्हणाली,

"ते ऱ्हाऊ दे. बाकीच्या चौघी कुठं गेल्या?"

वाचकहो, यश मिळालेल्या माणसाविषयी आपण नाना प्रश्न विचारतो. हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. धाकटी म्हणाली, "त्या आपापल्या वाटेनं गेल्या, आजी." आत्या गप्प बसली.

आत्याचे गप्प बसणे मला ठाऊक होते. तिची जाऊ जाऊन चार वर्षे झाली. पहाटे चारला दोघी एका जात्याला समोरासमोर बसत. खुंटा एक, हात दोघींचे. एकीने ओवी उचलावी, दुसरीने ती झेलून पुरी करावी. गावात गिरणी आली आणि रोजचे दळण सुटले, तरी कुणाच्या घरी हळद असली की या दोघींनाच बोलावणे येई. जाऊ गेल्यापासून आत्याने ओवी म्हटली नव्हती.

अशा लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी खेडोपाडी हिंडून गोळा केल्या. बायांनी सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, सारे काही जात्यापाशी सांगितले आहे. तेही एका परीने 'नाही जाणार'च. फक्त म्हणणारीला जावेच लागे.

संध्याकाळी जाते मांडले. खुंट्याला सुपारी आणि हळकुंड बांधले, सवाष्णी बसल्या, आणि सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. ओवी कुणालाच येईना! कुणीतरी म्हणाले, मोबाइलवर लावू या. आत्या म्हणाली, "मला एकटीला न्हाई जमायचं. ओवी दोघींची असती."

तेव्हा धाकटी उठली आणि समोर जावेच्या जागी बसली. "मी आहे ना, आजी."

"तुला येतंय व्हय?"

"नाही. पण शेवटचा शब्द धरीन."

आत्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिले. मग खुंटा धरला. पहिली ओवी कापऱ्या आवाजात निघाली. दुसऱ्या ओळीपाशी ती सवयीने थांबली. तिथे जावेने उचलायचे असे. धाकटीने नुसता शेवटचा शब्द म्हटला, तोही सुरात नव्हता. आत्याने ओळ स्वतःच पुरी केली. तिसऱ्या ओवीला धाकटीचे दोन शब्द जमले. पाचव्या ओवीला ती पंजाबची मुलगी मागे बसून त्यांच्याबरोबर ठेका धरीत होती.

हळद दळून झाली. आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "हळद डोळ्यात गेली." कुणी वाद घातला नाही.

रात्री मी बसथांब्यावर उभा होतो. कारखान्यांची तिसरी पाळी सुरू व्हायच्या बेतात होती. धाकटी मला पोचवायला आली होती. ती म्हणाली, "मामा, रविवारी आजी मला पुढच्या ओव्या सांगणार आहे. पण तिची अट आहे, मैत्रीण घेऊन ये. एकटीला शिकवणार नाही."