आटलेल्या म्हशीचा प्रश्न

आटलेली म्हैस जाते कुठे? शाकाहारी घरांत दुधाच्या भावावर बोलणं होतं, भेसळीवर होतं, हा प्रश्न मात्र सहसा कुणी काढत नाही. उत्तर काही गुपित नाही. मुंबईच्या तबेल्यांत हरियाणा-गुजरातेतून व्यालेल्या मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा म्हशी येतात. काही महिने भरपूर दूध देतात, मग धार आखडते. इतक्या महागड्या जागेत भाकड जनावराला वैरण घालणं मालकाला परवडत नाही. काही पुन्हा गाभण राहतात, काही गावाकडे धाडल्या जातात, उरलेल्या व्यापाऱ्याच्या हाती लागतात आणि तिथून कत्तलखान्याला. २०१५ साली महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हैस त्यातून बाहेरच राहिली. दूध उत्पादनात आपला देश जगात पहिला आणि म्हशीचं मांस निर्यात करण्यातही आघाडीवर. हे दोन्ही धंदे एकाच दावणीचे आहेत.

मी नवी मुंबईत नेरुळला राहते, जन्मानं शाकाहारी. दुधाकडे वेगळ्या नजरेनं बघायला मला भाग पाडलं ते एका तबेल्यात पाहिलेल्या खलबच्चानं. मेलेल्या रेडकाचं कातडं, आत पेंढा, वरून शिवण. ते म्हशीच्या तोंडासमोर ठेवलं होतं. ती त्याला चाटत होती, मानेपासून पाठीपर्यंत, पुन्हा मानेपासून. चाटता चाटता तिला पान्हा फुटला आणि बादलीत धार वाजू लागली. धार काढणारा माणूस मुळीच क्रूर नव्हता. कास कोमट पाण्यानं धुताना तो तिच्याशी हलक्या आवाजात बोलत होता. रेडकू कसं गेलं, असं विचारल्यावर म्हणाला, नर होतं. एवढंच. शहरात रेड्याला काम नाही, तो दूध देणार नाही, उलट पिणार. त्याच्या वाट्याचं दूध म्हणजे विक्रीतलं नुकसान. मग त्याला पुरेसं पाजलंच जात नाही.

गांधीजींना ही टोचणी शंभर वर्षांपूर्वीच लागली होती. दूध विकार वाढवतं हे आपले जैन मार्गदर्शक रायचंदभाई यांच्याकडून त्यांनी ऐकलं होतंच. पुढे कलकत्त्यात गायी-म्हशींचे दुधासाठी कसे हाल करतात हे वाचनात आलं आणि १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर मित्र कॅलनबाखांच्या सोबतीनं त्यांनी दूध सोडलं. भारतात परतल्यावर मोठं आजारपण आलं. डॉ. दलाल म्हणाले, दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. तेव्हा खाटेशेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट दाखवली. गांधीजींनी ते घेतलं, पण व्रताचा शब्द राहिला आणि आत्मा गेला, ही खंत आत्मकथेत लिहून ठेवली. दूध निघावं म्हणून जनावराच्या योनीत हवा फुंकण्याच्या ज्या फुंका प्रथेनं ते अस्वस्थ झाले, ती १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. दूध वाढवण्यासाठी दिलेलं अपायकारक इंजेक्शनही त्याच कलमात येतं. तरी पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनची सुई टोचल्याच्या बातम्या आजही येतच असतात. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४४ साली दूधही वर्ज्य मानणारी व्हीगन सोसायटी काढली, ती याच प्रश्नावर. शाकाहार दुधापाशी का थांबतो?

मला मात्र उत्तर शोधायला इंग्लंडात जावंसं वाटत नाही. जुन्नर तालुक्यात आळे इथे रेड्याची समाधी आहे, वारकरी तिथे माथा टेकतात. ज्ञानोबांनी त्याच्या तोंडून वेद वदवले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्या कथेतला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. आसूड रेड्यावर ओढले आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले, असं परंपरा सांगते. ज्या समाजानं ही गोष्ट सातशे वर्षं जपली, त्याला व्हीगन होण्याचं कारण बाहेरून कुणी समजावून सांगायला नको.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माझं हे दूध सोडण्याचं व्रत सोवळं नाही. नवी मुंबई आगरी-कोळी गावांच्या जमिनीवर आणि खाडीच्या काठावर उभी आहे. मासे खाणाऱ्याला भाड्यानं घर नाकारणारा शाकाहार मला अहिंसा वाटत नाही, तो माणसाचा अपमान आहे. शिवाय शाकाहाराची खूण असलेला पॅकेटवरचा हिरवा ठिपका दुधालाही मिळतो. व्हीगन पदार्थांना वेगळं चिन्ह देणारे नियम २०२२ साली आले.

राहिला स्वयंपाक. खरं तर आपलं ताट निम्म्याहून अधिक तयारच आहे. पिठलं-भाकरी, ठेचा, वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्याची आमटी, नारळाच्या दुधाची सोलकढी. पाऊस लागला की स्टेशनाबाहेर बायका टाकळा, कुर्डू, कंटोळी घेऊन बसतात. दह्याचं म्हणाल तर शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढून वाटायचे, गाळून उकळायचे आणि कोमट असताना हिरव्या मिरचीची देठं टाकून झाकून ठेवायचं. लागतं. थोडं शेंगदाण्याच्या वासाचं, पण कढीला झकास. चहा तेवढा जड गेला. आता आलं आणि गवती चहा घालून कोराच पिते. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे हाडांची काळजी करणाऱ्या सासूबाईंची समजूत पटली. बी-१२ मात्र वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते. ही गोष्ट लपवणारे प्रचारक मला आवडत नाहीत. रेशमाचा प्रश्नही दुधासारखाच. कोश उकळतात तेव्हा आत किडा असतो. आईची पैठणी मी नेसते, नवी घेत नाही.

हे सगळं माझ्यापुरतं. माण-सांगोल्याच्या दुष्काळी गावात दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला मी म्हैस विक असं म्हणणार नाही. दूध संघाचं दर दहा दिवसांनी येणारं बिल हाच तिच्या हाती पडणारा रोख पैसा. १९७० पासून ऑपरेशन फ्लडनं गावोगाव संकलन, शीतकरण, टँकर अशी साखळी उभी केली, म्हणून तिला तो मिळतो. नाचणीसाठी, तुरीसाठी, भुईमुगासाठी अशी साखळी कुणी उभारली नाही. मला भांडायचं आहे ते त्या साखळीसाठी, आणि त्या भांडणात ती बाई माझ्या बाजूला हवी आहे.