क्वाइट व्हॉट?

भाईंदरच्या इंद्रलोकमधलं आमच्या इमारतीखालचं वह्या-पुस्तकांचं दुकान गेल्या महिन्यात बंद झालं. मालक गावी निघाले होते. उरलंसुरलं वाटता वाटता त्यांनी माझ्या हातात निळ्या कार्बनचं एक पाकीट ठेवलं. "आता कोण घेतंय, ताई." घरी येऊन पाकीट फोडलं आणि मेणाचा, शाईचा तो वास नाकात शिरला. बाबांचं चलनबुक समोर आलं.

बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात कामाला होते. मागे बफिंगच्या मशिनींची घरघर, टेबलावर काळी धूळ, आणि त्यातच बसून ते बाहेर जाणाऱ्या मालाची चलनं लिहीत. अक्षर गोल, दाबून लिहिलेलं, तिसऱ्या प्रतीवरही स्पष्ट उमटणारं. खर्चाची वहीही त्यांच्याकडेच. तिच्यात 'प्रिंटिंग अँड स्टेशनरी' हे खातं असे आणि त्या स्टेशनरीत 'ई' असे, 'ए' नसे. खालच्या दुकानाच्या पाटीवर मात्र शेवटपर्यंत 'ए' होता, म्हणजे अर्थ 'एका जागी थांबलेला'. कर्जाच्या मुद्दलाचा प्रिन्सिपल आणि तत्त्वाचा प्रिन्सिपल यांतही बाबांची कधी गल्लत झाली नाही.

हे सगळं त्यांनी कमावलं होतं ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून. पाठ वाचायचा, शब्द पाठ करायचे, मराठी वाक्यांचं इंग्रजी करायचं. जुनी अकरावी झालेले बाबा कामावरून आल्यावर, जेवण झाल्यावर, ओट्याशेजारी बसून हे करत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. बाबांच्या शाळेत ते फार उशिरा आलं आणि आलं तेही फळ्यावर. कानावर पडलंच नाही.

म्हणून तो दिवस. मी तिसरीत, इंग्रजी माध्यमात. पालकांची सभा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. वर्गशिक्षिकेने विचारलं, मुलगी घरी कशी असते? बाबा घरून ठरवून आल्यासारखे म्हणाले, "माय डॉटर इज क्वाइट." त्यांना म्हणायचं होतं क्वाएट, शांत. बाई हसल्या. शेजारच्या बाईंकडे बघून म्हणाल्या, "क्वाइट व्हॉट?" त्याही हसल्या. बाबांना प्रश्नच कळला नाही, तरी आपण काहीतरी चुकलो हे कळलं. त्यांनी नुसती मान हलवली.

लिहायला सांगितलं असतं तर त्यांनी दोन्ही शब्द अचूक लिहिले असते, अक्षरन् अक्षर.

त्या 'ई' आणि 'ए'च्या स्टेशनरीपायी इथे मध्येच लंडन येतं. मध्ययुगात बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड अशा विद्यापीठांच्या गावांत पुस्तकं विकणारा, हस्तलिखितं नकलेसाठी भाड्याने देणारा एक माणूस असे. फेरीवाला नव्हे, जागा धरून बसलेला. लॅटिनमध्ये तो 'स्टेशनारियस'. लंडनमध्ये या धंद्यातल्या लोकांचा संघ 1403 साली झाला आणि 1557 साली त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. एका जागी बसला म्हणून तो स्टेशनर, आणि तो विकतो ती स्टेशनरी. म्हणजे 'ए'वाली आणि 'ई'वाली एकाच घरातल्या. एका अक्षराची भिंत मागाहून उभी राहिली आणि त्या भिंतीपायी आपल्या मुलांचे मार्क कापले जातात.

कुणाची कुठे गल्लत होते, हे त्याला भाषा कुठून मिळाली यावर ठरतं असं मला वाटतं. ज्यांच्या घरात जन्मापासून इंग्रजी बोललं जातं, ती माणसं 'तिथे' या अर्थाचा देअर आणि 'त्यांचं' या अर्थाचा देअर लिहिताना अनेकदा घसरतात. त्यांना शब्द कानाने मिळालाय आणि कानाला दोन्ही सारखेच. आमच्याकडे तो डोळ्यांनी आला. म्हणून स्टेशनरी बिनचूक लिहिणारा माणूस अॅडव्हाइस आणि अॅडव्हाइज यांतला स आणि झ तोंडाने वेगळा काढताना अडतो, आणि क्वाएटचा क्वाइट होतो. पहिल्या गल्लतीला लोक टायपिंगची घाई म्हणतात. दुसरीला हसतात. हा न्याय मला कधीच पटला नाही.

आणि कानाने मिळालेल्या भाषेत आपण काय करतो ते बघा. 'जग पाहिलं' आणि 'सुखाने जग' यांतला जग लिहायला एकच, पण बोलताना मराठी मूल त्यात गोंधळत नाही. 'जरा थांब' मधली जरा वेगळी आणि म्हातारपणाची जरा वेगळी, हे कुणी शिकवत नाही. तेच मूल लिहायला बसलं की दिन आणि दीन, सुत आणि सूत यांपाशी अडखळतं. मराठी मुलाला आपण त्यासाठी वेडा म्हणत नाही. वहीत लाल रेघ मारतो आणि पुढे जातो.

पुढे कॉलेजात एका जाड शब्दकोशात मी ते दोन शब्द शोधले. क्वाएट लॅटिनच्या 'क्विएटुस'वरून, अर्थ विसावलेला. क्वाइटही फ्रेंचमार्गे त्याच क्विएटुसवरून: आधी मोकळा, देण्यातून सुटलेला, मग पुरता, पूर्ण. हिशेब चुकता झाल्याच्या पावतीला इंग्रजीत क्विटन्स म्हणतात तो याच कुळातला. माझे बाबा आयुष्यभर चलनं आणि पावत्या लिहीत होते. त्यांच्या तोंडून एका भावाऐवजी दुसरा भाऊ निघाला, एवढंच झालं होतं. त्या बाईंवरचा माझा राग या शोधाने कमी झाला नाही, वाढला. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तरी त्या हसल्या.

शब्दांच्या नात्यांवरून एक तारीख आठवते. 2 फेब्रुवारी 1835 रोजी मेकॉलेने आपलं शिक्षणावरचं टिपण लिहिलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच तारखेला, 1786 साली, कलकत्त्यात विल्यम जोन्सने सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून आलेल्या असाव्यात. मला दुसरी 2 फेब्रुवारी जवळची. स्टेशनच्या पोटात लॅटिनचं 'उभं राहणं' आहे आणि आपल्या स्थानकाच्या पोटात 'स्था', तेच उभं राहणं. शिलाहारांच्या लेखांतलं श्रीस्थानक म्हणजे आपलं ठाणे. स्थचा ठ आपल्या जिभेने केव्हाच केला होता. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी त्याच ठाण्याला गेली, आणि स्टेशन हा शब्द गावोगावी पोचला तेव्हा लोकांनी तीच जुनी वाट धरून त्याचं ठेसन केलं.

आमच्या मजल्यावर एक आगरी आजी राहतात. तरुणपणी मिठागरावर राबलेल्या. परवा लिफ्टमध्ये नातवाला म्हणाल्या, "मना ठेसनाव जावाचंय." नातू इंग्रजी माध्यमातला, चौथीत. "आजी, स्टेशन म्हण, स्टेशन." मी त्याला तिथेच थांबवलं आणि ठाणे, स्थानक, ठेसन सगळं सांगितलं. लिफ्ट खाली येऊन उघडली तरी आम्ही तिघं आतच.

त्याने थोडा वेळ विचार केला. "म्हणजे ठाणे स्टेशन म्हणजे स्टेशन स्टेशन?"

"हो," मी म्हटलं.

"आजी," तो रिक्षाकडे पळत ओरडला, "चल लवकर, ठेसनाव!"