बिनसावलीची दुपार

विज्ञानावर विश्वास ठेवा, असं मी मुलांना सांगत नाही. सोलापूर जिल्ह्यात विज्ञान शिकवताना एक गोष्ट पाळत आलो: काय घडणार ते आधी फळ्यावर लिहायचं आणि मग मोजपट्टी मुलांच्या हातात द्यायची.

बुवाबाजीमागची हातचलाखी उघड करणारे प्रयोग मीही करतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की मंत्राविना होम पेटतो, टाळ्या पडतात. ते प्रयोग हवेतच. पण त्यातून मुलांचा विश्वास बसतो तो बहुधा माझ्यावर. बुवाच्या जागी सर आले, इतकंच.

म्हणून शून्य सावलीचा दिवस मला मोलाचा वाटतो. महाराष्ट्र सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे इथं सूर्य वर्षातून दोनदाच नेमका डोक्यावर येतो. सोलापुरात १० मेच्या आसपास, नागपुरात २६ मेच्या. दुसरी खेप पावसाळ्यात येते आणि बहुतेकदा ढगांत जाते. मेमध्ये शाळेला सुट्टी, ऊन भाजून काढणारं. तरी मुलं येतात. मीटरभर काठी रोवायची, गवंड्याकडून आणलेल्या ओळंब्यानं ती सरळ आहे का पाहायचं आणि आठवडाभर आधीपासून भर दुपारची सावली मोजायची. रोज चार-पाच मिलिमीटरनं ती आखडते. सर्वांत आखूड सावली बाराला नाही, बारा तेवीसच्या सुमारास पडते, हे मुलंच हुडकतात. मग प्रमाणवेळेचं रेखावृत्त आपल्या किती पूर्वेला आहे, ते नकाशात शोधायची घाई त्यांनाच होते.

एखादे आजोबा म्हणतात, "रोजच येतो की डोक्यावर!" मी वाद घालत नाही. नात त्यांना काठीपाशी घेऊन येते. आणखी काही दिवसांनी दुपारची सावली दक्षिणेला पडलेली दिसते, तेव्हा आजोबा स्वतःच वाकून बघतात.

एकच सावली दोन मुलींनी मोजली, तरी मापं दोन-तीन मिलिमीटरनं वेगळी येतातच. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे. सावलीची कड धूसर असते. मी कुणाचं माप खोडू देत नाही, दोन्ही वहीत राहतात. माझ्या मते खरं शिक्षण इथंच होतं. मापात फरक येतो आणि तो किती हे सांगता येतं, एवढं ज्या मुलीला कळलं, ती उद्या पावसाचा एक अंदाज हुकला म्हणून वेधशाळाच खोटी म्हणणार नाही.

येत्या मेमध्ये तुमच्या गावची तारीख काढा, ती आधी भिंतीवर लिहा आणि आळीतल्या मुलांना काठी रोवायला बोलवा.