काहील

वर्षातले आठ महिने ती पालथी असायची. मांजरेकाठच्या आमच्या आजोळी, गोठ्यामागच्या लिंबाखाली. आठ फूट रुंद, कडेला चार कड्या, पाठ काळीकुट्ट. एका बाजूला दगडाची उटी दिलेली असे, त्या फटीतून पावसाळ्यात एखादी खुडूक कोंबडी आत शिरून अंड्यांवर बसे. चैत्रात आजी आम्हाला तिच्या आसपास फिरकू देत नसे, कारण त्या उन्हात ती चुलीवाचूनही भाजायची. एका भंगारवाल्यानं वजनाचा अंदाज घेऊन भावसुद्धा सांगितला होता. मामा बाजेवरून न उठता म्हणाले, "झोपलीय ती. जा तू."

दिवाळी सरली की ती उठायची. उताणी करायला सहा गडी लागत. मग विटकरीच्या तुकड्यानं आणि राखेनं तिला घासायचं. बुडाला कुणी हात लावत नसे. ते काळं ते काळंच. आतून आरसा, बाहेरून तवा. असली माणसं मी पुढं बरीच पाहिली, भांड्यांत मात्र ही एकटीच.

चुलाणावर तिला बसवणं हे लग्नाइतकं नाजूक काम. गुळव्या आधी मातीचा कड लिंपून घेई, तिला वर चढवली की मधोमध घागरभर पाणी ओती आणि उकिडवा बसून बघत राही. पाणी एका अंगाला सरकलं की पुन्हा उचला, पुन्हा लिंपा. कारण ती जरा जरी कलली तर एका बाजूचा रस करपतो आणि दुसऱ्या बाजूचा कच्चा राहतो. पाणी बरोबर मध्ये थांबलं की गुळव्या म्हणे, "बसली." मग नारळ.

आजोबांच्या काळात चरकाला बैल होते. एक जोडी देवणी, एक लाल कंधारी. देवणी घरचे, कंधारी माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून आणलेले. लातूर आणि नांदेड एका जुवाखाली, असं आजोबा म्हणत आणि आपणच हसत. मी पाहिलं तेव्हा बैल गेले होते, डिझेल इंजिन आलं होतं, पुढं मोटर आली. काहिलीला त्याचं सुखदुःख नव्हतं. रस कुणी काढला हे तिनं कधी विचारलं नाही; ताजा आहे की शिळा एवढं मात्र तिला नेमकं कळे. उसाला तोडून दोन दिवस झाले असले की गूळ चिकट व्हायचा, ढेप धरायची नाही. कारखान्याची तोडीची चिठ्ठी येईना म्हणून वैतागलेले शेतकरी वाळायला लागलेला ऊस गाडीत घालून मामांकडे आणत. मामांना नाही म्हणता येत नसे. काहील म्हणायची.

तिची एक खेप अडीच-तीन तासांची. साताठशे लिटर रस आत पडायचा. खाली जाळव्या वाळलेली चिपाडं चुलाणाच्या तोंडात सारत बसलेला. रस कोमट झाला की त्यात भेंडीच्या झाडाच्या खोडाचा चिकट रस घालायचा. तो सगळी घाण गोळा करून वर आणतो आणि हिरवट काळी मळी तरंगायला लागते. झाऱ्यानं ती काढत राहायचं. नंतर फेस. फेस उतू जायला लागला की गुळव्या बोटं तेलात बुडवून चार थेंब शिंपडायचा आणि खवळलेली काहील अशी खाली बसायची, की जणू कुणी दटावलं. आम्ही पोरं वाकून बघत असू ती लांबूनच. गुळव्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता. तो दाखवला की आम्हाला वेगळं काही सांगावं लागत नसे.

तिचा आवाज बदलायचा. आधी खळखळ, पाण्यासारखी. मग घोगरी. शेवटी बुडबुडे जाड होऊन एकेक करून फुटायला लागायचे, पुच्च, पुच्च, पातेल्यात पिठलं शिजतं तसे. तिथून पुढं मिनिटांचा नव्हे, क्षणांचा खेळ. थोडं आधी उतरवलं तर काकवी, थोडं उशिरा तर जळका दगड. गुळव्या कांबीवर थेंब घेऊन थंड पाण्याच्या वाटीत सोडी, बोटांनी त्याची गोळी वळी आणि काहिलीच्या काठावर मारी. ठप्प वाजली तर अजून वेळ आहे. टण्ण वाजली की ओरडे, "वड!" दांडे कड्यांत जात, सहा माणसं तिला उचलून वाफ्यात रिकामी करत.

येळवशीला, म्हणजे दर्श वेळा अमावस्येला, ती रंगात आलेली असे. लातूर त्या दिवशी ओस पडतं, सगळं गाव शेतात. कडब्याच्या कोपीतल्या पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. गव्हाच्या खिरीला गूळ आमच्याच काहिलीचा, आणि तोही कोमट असतानाच नेलेला. आलेला प्रत्येक पाहुणा कांड्याला गरम गूळ गुंडाळून चाटत उभा. त्या दिवशी फडक्यात बांधून रसात सोडलेली रताळी मी खाल्ली आहेत. त्यानंतर रताळ्याला रताळं म्हणवत नाही.

आता तिच्या अब्रूची गोष्ट. तिचा गूळ तपकिरी, काळपटाकडं झुकणारा. शहरातल्या आडतीत ढेप नेली की आडत्या टोचा खुपसून रवा बघायचा, मान डोलवायचा आणि रंगावर यायचा. "मामा, माल चांगलाय. पण काळाय. गिऱ्हाईक म्हणतंय सोन्यासारखा पाहिजे." वर हसत, "हा गुत्त्यावर घाला की." काळ्या गुळाची नवसागराशी असलेली मैत्री महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक, हातभट्टीवर धाड पडली की पंचनाम्यात ही जोडी असतेच. मामा घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पांढरी भुकटी आली, हायड्रोस. चमचाभर टाकली की गूळ हळदीसारखा पिवळा. भाव चढला. पंधरा वर्षं काहील ती भुकटी मुकाट पीत राहिली. तरीही मधूनच एखादं गिऱ्हाईक विचारायचंच, "कोल्हापुरी आहे का?" 2014 साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामा म्हणाले, चला, आता कागदावरही हरलो.

2015 च्या दिवाळीनंतर तिला कुणी उताणं केलं नाही. पावसानं दोन वर्षं ओढ दिली होती. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, शेतात उभा ऊस जनावरांसाठी कापून दिला. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूर स्टेशनात शिरली, दहा टाक्या, पाच लाख लिटर, तेव्हा मी गर्दीत होतो. लोक इंजिनाला हार घालत होते. मला का कोण जाणे, लिंबाखाली पालथी पडलेली ती आठवली. साताठशे लिटर रसातून सव्वाशे-दीडशे किलो गूळ निघतो. बाकीचं काय होतं? पाणी. दर खेपेला सहाशे लिटर पाणी वाफ होऊन आमच्या डोक्यावरून जायचं, आणि आम्ही त्या वाफेत तोंड घालून वास घ्यायचो. पाणी उडवणं हाच तिचा धंदा, आणि गाव असं, की जिथं पाणी आगगाडीनं आणावं लागलं. दुष्काळी जिल्ह्यात ऊस लावावा का, यावर मी पुण्यात बसून दोन लेख लिहिले आहेत. हा सहाशे लिटरचा हिशेब मात्र मामांपुढं कधी मांडला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मांजरा भरली. मामेभावानं ऊस निम्मा केला, राहिलेल्याला ठिबक केलं आणि गुऱ्हाळ पाडून नवं बांधलं. ओळीत तीन स्टेनलेस स्टीलच्या कढया. पहिलीखालचा जाळ पुढं सरकत उरलेल्या दोघींना तापवतो, चिपाड कमी लागतं. फरशी, जाळ्या, डोक्याला टोप्या. हायड्रोस बंद, भेंडी परत. आणि एक तापमापक. भिंतीवर त्यानं खडूनं लिहून ठेवलंय: काकवी 105, गूळ 118, पावडर 122. ढेपा जाऊन वड्या आल्या, चहाच्या कपाला एक अशा मापाच्या. रंग? तपकिरी, काळपटाकडं झुकणारा. पुण्या-मुंबईची मंडळी पिवळ्यापेक्षा दीडपट पैसे देऊन तोच नेतात. पाकिटावर 'पारंपरिक' असं छापलंय. मामा ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते. "ह्योच माल," एवढंच म्हणाले.

मध्यंतरी मी त्यांना मोबाइलवर जपानातल्या साकेच्या एका कारखान्याची फिल्म दाखवली. तांदूळ आंबवून केलेली ती दारू, थंडीतच करायची. तिथल्या मुख्य कसब्याला तोजी म्हणतात. बर्फात शेतं गाडली गेली की तोजी आणि त्यांच्या हाताखालचे शेतकरी टोळ्या करून कारखान्यांवर जात, वसंतात गावी परतत. घड्याळ नसे, पिंप घुसळताना गाणं म्हणायचं, गाणं संपलं की घुसळणं संपलं. आता यामागुची भागातला दास्साई नावाचा प्रसिद्ध कारखाना तोजीवाचून चालतो, सगळी भिस्त आकड्यांवर, आणि थंडीची वाट न बघता बारमाही. उलट डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोनं याच जुन्या कसबाला वारशाच्या यादीत घेतलं. मामांनी सगळं नीट पाहिलं. "आपला गुळव्याच की हा," म्हणाले. मग, "दारूला येवढा मान?"

गुळव्या अजून आहे. सत्तरी ओलांडली, वरचं काम सोडलं, आता स्टुलावर बसून बघतो. हाताखाली उत्तर प्रदेशातली चार पोरं. ती हिंदीत विचारतात, हा मराठवाडीत उत्तर देतो, गूळ बिघडत नाही. आणि काहील? भंगारात गेली नाही. बुडाला चीर गेलीय म्हणून चुलाणावर चढत नाही, पण वारा सुटला की जाळ भरकटतो, तेव्हा तिला चुलाणाच्या तोंडाशी आडोशाला उभी करून ठेवलीय. उभी मी तिला पहिल्यांदाच पाहिली. पालथी आणि उताणी या दोनच अवस्था तिच्या वाट्याला होत्या.

गेल्या पौषात मी गेलो तेव्हा तिसऱ्या कढईत शेवटचा रस पुच्च पुच्च करत होता. मामेभाऊ तापमापक धरून आकडे वाचत होता. "एकशे सोळा... सतरा... अठरा. काढा."

पोरं हलली नाहीत. त्यांचं लक्ष स्टुलाकडं.

"कसं काय, काका?" भावानं जरा चिडूनच विचारलं.

"थांब की लेका, उकळायलीय आजून." गुळव्यानं वाटीत थेंब घेतला, गोळी वळली. कढईच्या स्टीलच्या काठाकडं बघितलंसुद्धा नाही. "ह्येच्यात आवाजच कळंना," असं पुटपुटत त्यानं हात मागं नेला आणि बसल्या जागेवरून गोळी आडोशाला उभ्या काहिलीवर फेकली.

ठप्प.

भाऊ माझ्याकडं बघून हसला. तापमापक 118 वरच होता. गुळव्यानं दुसरा थेंब घेतला.

टण्ण.

"वड," गुळव्या म्हणाला.