एका तिरप्या रेघेपायी

आईच्या अहिराणी ओव्या साठवण्यासाठी मी धुळ्यात, विंडोजवर, लहानसा जावा प्रोग्राम लिहिला होता. ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ या जावाच्या ब्रीदावर माझी भाबडी श्रद्धा! पुढे जळगावला, तिने सांगितलेली शेवटची ओवी लिनक्सवर साठवली. प्रोग्रामने तक्रार केली नाही. ‘ओव्या’ हा फोल्डर मात्र रिकामाच. मी मध्ये घातलेली उलटी तिरपी रेघ विंडोजला सीमारेषा वाटते, लिनक्सला नावातलेच एक अक्षर. ‘ओव्या\जाते’ अशा विचित्र नावाची फाइल बाहेरच पडून होती. २०११च्या जावा ७पासून ‘पाथ’कडे नुसती नावे सोपवता येतात, रेघ ती ती यंत्रणा घालते. प्रोग्राम तसा सुधारला. आई आता नाही. त्या फाइलचे नाव मात्र मला अजून बदलवत नाही.