विरोधी बाकावरचे बाबासाहेब आणि आमच्या वाडीतली घरं

आपल्या चळवळीत एक वाक्य फार स्वस्त झालं आहे. कुठल्याही बैठकीला जा, चहा येण्याआधी ते येतं. "सत्ता नाही, तर काय करणार?" तालुक्याचा पुढारी हेच म्हणतो, जिल्ह्याचा नेता हेच म्हणतो आणि मग दोघंही सत्तेच्या दारात उभं राहण्याला राजकारण म्हणतात. सत्ता नको असं कुणीच म्हणत नाही. बाबासाहेबांनीही म्हटलं नाही. पण ज्या माणसाचं नाव घेऊन आपण हे बोलतो, त्याची मुंबई विधिमंडळातली सगळी वर्षं सत्तेबाहेर गेली आणि त्या वर्षांत त्याने काय केलं हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

दरवर्षी २० मार्चला मी महाडला जातो. पुस्तकांच्या स्टॉलवर उभा राहायला मला आवडतं. संविधान विकलं जातं, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' विकला जातो, 'जातिनिर्मूलन' विकलं जातं. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली छापलेला इंग्रजी खंड दुसरा मात्र क्वचितच कुणी मागतो. त्यात मुंबई विधिमंडळातली भाषणं आहेत. अर्थसंकल्पावर, गरोदर कामगार स्त्रियांच्या रजेवर, ग्रामपंचायतीवर, वतनावर, खोतीवर. वाचायला रूक्ष आहेत, मध्येच अध्यक्ष टोकतात, मध्येच कुणी सदस्य हरकत घेतो. पण माझ्यासारख्या कुलाबा जिल्ह्यातल्या माणसाला त्यात स्वतःच्या आजोबाचं घर सापडतं.

(हो, कुलाबाच. रायगड हे नाव नंतर आलं. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून कुलाबाच म्हणतात.)

क्रम नीट लक्षात घ्या. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. तो ठराव महाड नगरपालिकेने आपल्या हद्दीत लागू केला, तेव्हा सुरबा टिपणीस तिथे होते. म्हणजे चवदार तळ्यावर आपली माणसं १९२७ साली गेली ती विधिमंडळाने दिलेला आणि गावाने नाकारलेला हक्क वापरायला. सत्याग्रह आणि सभागृह या दोन वेगळ्या वाटा नव्हत्या. एकात मिळालेलं दुसऱ्यात वसूल करायचं होतं. आपण तळं लक्षात ठेवलं आणि ठराव विसरलो.

त्याच १९२७ सालापासून बाबासाहेब मुंबईच्या कायदे मंडळात नियुक्त सदस्य म्हणून बसू लागले. १९२८ च्या जुलैत गिरणीतल्या गरोदर स्त्रियांना पगारी रजा देण्याच्या विधेयकावर ते बोलले. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळं सुटता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कल्याणकारी राज्य हा शब्द आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्याच वर्षी त्यांनी महार वतनाचं विधेयक आणलं आणि पुढे ते मागे घ्यावं लागलं. हरलेलं विधेयक. पण वतन ही मिरासदारी नसून गुलामगिरी आहे हे सरकारी कागदावर पहिल्यांदा इतक्या सविस्तर नोंदलं गेलं ते तिथेच. महार वतन गेलं १९५८ च्या कायद्याने. बाबासाहेब ते पाहायला नव्हते.

आता खोती. शहरातल्या पोरांना हा शब्दच माहीत नसतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामधला माणूस. सरकारला सारा तो भरणार आणि कुळाकडून वसूल तो करणार. भाताच्या जमिनीवर अर्धेल, म्हणजे निम्मं पीक त्याचं. वरकस जमिनीवर तिर्धेल. वर वेठ. त्याच्या घरची लाकडं, त्याच्या घरचं लग्न, त्याची पालखी. कबुलायत लिहून घेताना अंगठा कुळाचा आणि मजकूर खोताचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या जागेवर कुळाची झोपडी उभी, ती जागाही खोताची. म्हणजे खंडाबद्दल तोंड उघडलं की आधी चूल जायची. घर हा इथे निवाऱ्याचा प्रश्न कधीच नव्हता. कुळाचं आणि मजुराचं तोंड बंद ठेवण्याचं ते सगळ्यात स्वस्त साधन होतं.

याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या परिसरात २७ ऑक्टोबर १९३३ ला संप सुरू झाला. नारायण नागू पाटील पुढे होते. पंचवीस गावांतल्या कुळांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि सहा वर्षं ठरवलेलं पाळलं. सहा वर्षं! आज आपला एखादा मोर्चा सहा तास टिकत नाही. लाकूडफाटा विकून, खाडीत चिंबोऱ्या-मासळी पकडून माणसं जगली. डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब स्वतः चरीला शेतकरी परिषदेला आले होते. संपावरची कुळं प्रामुख्याने आगरी. ज्यांच्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू दिलं जात नसे, त्यांच्याच संपाला ते आले. हे ज्यांना अवघड वाटतं त्यांनी चरीला एकदा जाऊन यावं.

१५ ऑगस्ट १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. जाहीरनामा वाचा. त्यात कुळांचं संरक्षण आहे, गावांची आरोग्यदायी रचना आहे, कामगारांना स्वस्त आणि स्वच्छ घरं आहेत. १९३७ च्या निवडणुकीत १७५ जणांच्या विधानसभेत या पक्षाचे मूठभर लोक निवडून आले आणि विरोधी बाकावर बसले. त्यांत कोकणातले चित्रे होते, टिपणीस होते, परुळेकर होते. यांच्यातला एकही अस्पृश्य नाही. खोतांच्या जातभाईंमधून आलेली माणसं खोती मोडायला उभी राहिली. ब्राह्मणेतर-ब्राह्मण असा सरळ हिशेब मांडणाऱ्यांना हे तपशील गैरसोयीचे वाटतात, पण इतिहास आपल्या सोयीने घडत नाही.

१७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. मांडणी अगदी साधी: मधला खोत काढा, जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडा. गंमत म्हणजे त्यात खोताला वाजवी भरपाईचीही तरतूद होती. ज्यांना बाबासाहेब फक्त संतापाचे पुढारी वाटतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. त्यांना खोताचं घर जाळायचं नव्हतं, विधेयक मंजूर व्हायला हवं होतं.

ते झालं नाही. खेर मंत्रिमंडळ काँग्रेसचं, शेतकऱ्यांचं नाव घेणारं, पण विधेयक पुढे सरकलं नाही. मग १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी बोटीतून, पायी, जमेल तसे मुंबईत आले आणि विधानसभेवर मोर्चा निघाला. कम्युनिस्टही त्यात होते. ज्या माणसाने सभागृहात विधेयक मांडलं तोच रस्त्यावर मोर्च्याच्या पुढे होता. त्याच वर्षी औद्योगिक कलहाच्या विधेयकाला सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप केला. पुन्हा तीच पद्धत. आत आकडे आणि कलमं, बाहेर माणसं.

ही पद्धत जगात नवी नव्हती. आयर्लंडमध्ये १८७९ साली जमीनदारांविरुद्ध कुळांची लँड लीग उभी राहिली. तिचा अध्यक्ष पार्नेल हा लंडनच्या संसदेत अल्पसंख्य विरोधी गटाचा नेता होता आणि तिचा संघटक मायकल डेव्हिट हा घरातून हुसकावलेल्या कुळाचा मुलगा. १८८० मध्ये मेयो परगण्यात बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी गावाने सगळे व्यवहार तोडले आणि इंग्रजी भाषेला बहिष्कारासाठी एक नवा शब्द मिळाला. आपल्याकडे बहिष्कार नेहमी वरून खाली आला. बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाचं नावच 'बहिष्कृत भारत' ठेवलं होतं. आयर्लंडात तो खालून वर गेला. आणि चरीच्या कुळांनी 'आम्ही तुझी जमीन कसत नाही' म्हटलं तेव्हा तो आमच्या खाडीकाठीही खालून वर गेला. पुढे आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानातूनच राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपल्या संविधानात आली, हे आपण परीक्षेसाठी पाठ करतो. ती तत्त्वं ज्या देशातून आली तिथेही जमीन आणि घर यांच्यावरच भांडण झालं होतं, हे कुठल्या गाईडमध्ये नसतं.

निकाल काय लागला? चरीला महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना यावं लागलं, १९३९ मध्ये संप मिटला आणि त्याच वर्षी कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. १९४८ चा कुळकायदा त्याच वाटेने आला. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला तेव्हा बाबासाहेब दिल्लीत संविधान पुरं करत होते. त्यांच्या १९३७ च्या विधेयकाचं नाव तेव्हा कुणी घेतलं असेल-नसेल. आमच्या जिल्ह्यातल्या कुळाच्या उताऱ्यावर त्याचा परिणाम मात्र आहे. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा तेव्हा जंजिरा संस्थानात होते, तिथली कहाणी वेगळी आणि तीही कुणीतरी लिहायला हवी.

पण इथे मला आपल्याच माणसांशी भांडायचं आहे. कुळकायद्याने कुळाला जमीन दिली. कुळ म्हणून ज्याचं नाव लागलं त्याला. आमच्या वाडीतले बहुतेक जण मजूर होते, खोताच्या किंवा कुळाच्या शेतावर राबणारे. त्यांचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं. म्हणून खोती गेली तरी आमची घरं दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर राहिली. मालक बदलले, कधी मुंबईला गेले, कधी त्यांच्या वारसांनी जागा फार्महाऊसवाल्याला विकली. आमच्या आजोबांनी बांधलेलं मातीचं घर वडिलांनी चिऱ्याचं केलं. घरपट्टी आम्ही भरतो. विजेचं बिल आमच्या नावाने येतं. जागा मात्र कागदावर आमची नाही.

आणि मग घरकुल मंजूर होतं. रमाई आवासच्या यादीत नाव येतं, पेढे वाटले जातात आणि पंधरा दिवसांनी निरोप येतो: जागेचा उतारा आणा. आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या काकूंचं नाव यादीत दोनदा आलं आणि दोनदा परत गेलं. एका कार्यालयातल्या बाबूने तिला सांगितलं, "मावशी, आधी मालकाकडून संमतीपत्र घ्या." मालक म्हणजे कोण? खोताचा पणतू. ज्याचा पत्ता तिला माहीत नाही आणि तिचं नाव त्याला माहीत नाही. खोती कायद्याने गेली आणि संमतीपत्राने परत आली.

आता ऐका. कुळकायद्याच्या कलम १६ आणि १७ मध्ये कुळाच्या राहत्या घराला संरक्षण आहे. घर ज्या जागेवर उभं आहे तिथून काढता येत नाही आणि ती जागा विकायची झाली तर विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा. आणि कलम १८ हेच संरक्षण शेतमजुराला आणि गावच्या कारागिरालाही देतं. म्हणजे आमच्या आजोबाला. हे कलम काही कुणी दयेने घातलेलं नाही. घर हेच तोंड बंद ठेवायचं साधन आहे हे ज्यांनी सभागृहात आणि शेतात वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं, त्यांच्या भांडणातून ते आलं. मी गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यकर्त्यांना विचारत आलो आहे. अॅट्रॉसिटीच्या कायद्याची कलमं तोंडपाठ असलेले वीस निघतात. कलम १८ ऐकलेला एक निघत नाही.

याच किनाऱ्यावरून विरोधी पक्षनेते झालेले दोन मोठे लोक होते, शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील आणि दत्ता पाटील. दि. बां.च्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. तेही सत्तेत नव्हते. त्यांच्या पक्षाशी आपले मतभेद असतील, आहेतही. साडेबारा टक्के जमीनमालकाला मिळाले, त्या जमिनीवर राबणाऱ्या आपल्या माणसाला त्यातलं काय आलं, हा प्रश्न मी शेकापच्या मित्रांना तोंडावर विचारतो. पण विरोधी बाकावरून काय वसूल करता येतं हे शिकायला मला लाज वाटत नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी सध्या एक काम घेतलं आहे. आमच्या आणि आसपासच्या चार बौद्धवाड्यांत घरोघर जाऊन घरपट्टीची जुन्यात जुनी पावती, वीजजोडणीचा कागद, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता आणि ज्या गटात घर आहे त्याचा उतारा असं एकत्र लावतो आहोत. आदिवासी वाडीतल्या कातकऱ्यांची अवस्था आमच्यापेक्षा वाईट आहे, त्यांचीही यादी सोबत होते आहे. कुणब्यांची आठ-दहा घरं याच अडचणीत निघाली, त्यांनाही घेतलं. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारलं, "त्यांचं आपण का करायचं?" मी त्याला चरीचं साल सांगितलं.

यादी पुरी झाली की कलम १८ खाली तहसीलदाराकडे वेगवेगळे अर्ज जातील. ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे आणि तो इतिवृत्तात शब्दशः उतरवून घ्यायचा आहे, कारण तोंडी ठराव दुसऱ्या दिवशी गायब होतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराला, तो कुठल्याही बाकावर बसो, एकच तारांकित प्रश्न लेखी दिला जाईल: रायगड जिल्ह्यात जागेच्या उताऱ्याअभावी किती घरकुलं परत गेली आणि त्यातली किती अनुसूचित जातींची? जो आमदार प्रश्न लावेल त्याचं नाव वाडीत वाचून दाखवू. जो लावणार नाही त्याचंही.

तुमच्या वाडीत कागद शोधायला सुरुवात करायची असेल तर घरपट्टीच्या पावतीपासून करा. ती बहुतेकदा बाबासाहेबांच्या फोटोच्या मागे खोचलेली असते.